माशीच्या मागे माशी

गोंदियाच्या धानात एक डासाएवढी माशी घुसते. तिच्या अळीत त्याहून इवलीशी दुसरी माशी घुसते. आता पहिलीनं रूप बदललं, तर दुसरीनं काय करायचं? ऐकायला जोक वाटतो, पण जगात एवढे किडे का आहेत या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे दडलंय.

लंचअवरमध्ये डबा उघडला आणि भात दिसला की आपल्या डोक्यात काय येतं? फार तर डाएट. कार्ब्ज किती, पांढरा की ब्राउन, रात्री खावा की टाळावा. हाच भात काही महिन्यांपूर्वी पूर्व विदर्भातल्या एखाद्या बांधीत धान म्हणून उभा होता आणि त्याच्यावरून तिथे चक्क तिरंगी लढत चालू होती, हे काही मेन्यूकार्डावर लिहिलेलं नसतं.

गोंदिया म्हणजे धानाचा जिल्हा. १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा झालेला, मालगुजारी तलावांचा, राइस मिलचा. मुंबई-हावडा लाइनवरून जाताना पावसाळ्यात खिडकीबाहेर पाहिलंत तर पाण्यानं भरलेल्या बांध्या आणि त्यात रोवणी करणाऱ्या बायकांच्या रांगा, एवढंच दिसत राहतं. या हिरव्या पोस्टरमध्ये जो मुख्य व्हिलन आहे, त्याचं नाव गादमाशी. शास्त्रीय नाव ओर्सिओलिया ओरायझी. कोलकात्याच्या इंडियन म्युझियमचे जेम्स वूड-मेसन यांनी १८८९ मध्ये तिला शास्त्रीय ओळख दिली. शेतकऱ्यांची आणि तिची ओळख मात्र त्याआधीची, आणि ती अजिबात प्रेमाची नाही.

पोंग्यातला पेइंग गेस्ट

गादमाशी दिसायला अगदी डासासारखी, फक्त मादी लालसर-नारिंगी पोटाची. नर जेमतेम एखादा दिवस जगतो, मादी दोन-तीन दिवस. एवढ्या छोट्या करिअरमध्ये ती शंभराहून जास्त अंडी घालून मोकळी होते. तीन-चार दिवसांत अंड्यातून अळी निघते, पानावरच्या दवातून, पावसाच्या ओलाव्यातून सरपटत खाली जाते आणि धानाच्या फुटव्याच्या अगदी वाढत्या कोंबाशी जाऊन बसते.

खरी गंमत इथून पुढे सुरू होते. अळी नुसतं खात नाही. ती झाडाला स्वतःसाठी घर बांधायला लावते! त्या फुटव्यातून पानाऐवजी कांद्याच्या पातीसारखी पोकळ, चंदेरी नळी वर येते. यालाच म्हणतात चंदेरी पोंगा. आत पेइंग गेस्ट आरामात, जेवणखाण फ्री, बाहेर पाऊस पडो की पाखरं फिरो. घरमालकाचं नुकसान मात्र कायमचं. ज्या फुटव्याचा पोंगा झाला, त्याला लोंबी येत नाही. म्हणजे तेवढं धान गेलं. ढगाळ हवा, रिमझिम पाऊस आणि उशिरा झालेली रोवणी, हे तिन्ही जमून आलं की गादमाशीची चांदी आणि शेतकऱ्याचे वांधे.

घुसखोराच्या घरात घुसखोर

आता एंट्री दुसऱ्या माशीची. खरं तर ही गांधीलमाशीच्या खानदानातली, पण आपण ज्या गांधीलमाशीला घाबरून ऑफिसच्या बाल्कनीतून पळतो, तिच्यापुढे ही म्हणजे ठिपका. नाव प्लॅटिगॅस्टर ओरायझी. ती माणसाला चावत नाही, धानाला हात लावत नाही. तिला हवी असते फक्त गादमाशी.

गादमाशीनं अंडी घातली की ही त्यातच आपलं अंडं सोडून जाते. पुढे गादमाशीची अळी पोंग्यात बसून मस्त वाढते, तिला पत्ताच नसतो की आपल्या आत दुसराच कुणीतरी वाढतोय. शेवटी अळी संपते आणि त्या एका अळीतून एक नाही, अनेक प्लॅटिगॅस्टर बाहेर पडतात. कारण तिचं एकच अंडं आतल्या आत विभागून अनेक पिल्लांना जन्म देऊ शकतं. बाय वन, गेट मेनी!

अशा जीवांना आपल्याकडे परोपजीवी कीटक म्हणतात. साधा परजीवी, म्हणजे उवा किंवा जंत, यजमानाला छळतो पण सहसा जिवंत ठेवतो. हे परोपजीवी कीटक यजमानाला शेवटी मारतातच. म्हणून ते शेतकऱ्याचे मित्र. गादमाशीवर एकटी प्लॅटिगॅस्टरच आहे असंही नाही. निअ‍ॅनास्टेटस नावाची दुसरी एक मंडळी तिच्या कोषावर डल्ला मारतात. म्हणजे एका पोंग्यात किती भाडेकरू आणि किती पोटभाडेकरू, याचा हिशेब ठेवायला सोसायटीचा सेक्रेटरीच हवा.

पासवर्ड क्रॅक झाला

माणसानंही आपल्या बाजूनं डोकं लढवलं. गादमाशीला दाद न देणारे धानाचे वाण शोधले, त्यांच्यातली जनुकं हेरली आणि जास्त पीक देणाऱ्या वाणांत आणली. 'फाल्गुना' हा त्यातलाच एक गाजलेला वाण. त्याला हे कवच मिळालं ते 'सयाम २९' या पूर्वजाकडून. अशा झाडात अळी शिरली तरी तिचं घर काही बांधलं जात नाही, दोन-चार दिवसांत ती मरून जाते. प्रॉब्लेम सॉल्व्ह्ड?

नाही ना! सगळ्या अकाउंटना एकच पासवर्ड ठेवला की काय होतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. हजारो एकरांवर एकच जनुक उभं राहिलं की कोट्यवधी माश्यांपैकी ज्या दोन-चार माश्यांकडे ते कुलूप उघडण्याची युक्ती असते, त्यांचीच पोरं जगतात. काही वर्षांत गावात फक्त त्यांचीच वस्ती उरते. १९८० च्या दशकात आंध्रच्या उत्तर किनाऱ्यावर, श्रीकाकुलमच्या भागात नेमकं हेच झालं. 'फाल्गुना'वर पोंगे दिसू लागले.

भारतात आजवर गादमाशीचे असे सात प्रकार ओळखले गेलेत. शास्त्रज्ञ त्यांना बायोटाईप म्हणतात. दिसायला सगळ्या सारख्या, पण कोणता वाण पचतो यावरून वेगळ्या. श्रीकाकुलमची माशी ती बायोटाईप ४. आणि या बायोटाईप ४ चा दुसरा पत्ता कुठला, माहितीय? भंडारा जिल्ह्यातलं साकोली. गोंदिया जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेलं, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं धान संशोधन केंद्र जिथे आहे, तेच. म्हणूनच एका राज्यात हिट ठरलेला वाण दुसऱ्या राज्यात फ्लॉप जातो. ओडिशाची माशी वेगळी, केरळची वेगळी, मणिपूरची वेगळी, आपली वेगळी.

इथे एक खुलासा हवा. बायोटाईप म्हणजे नवी प्रजाती नव्हे. ही फक्त पहिली पायरी. एका प्रजातीच्या दोन झाल्या असं म्हणायला दोन्ही बाजूंचं आपापसात लग्न जमणं जवळपास बंद व्हावं लागतं. ते कसं होतं आणि झालं की मागून येणाऱ्या परोपजीवींचं काय होतं, हे सगळ्यात स्पष्ट दिसलं ते धानावर नाही, सफरचंदावर.

मॉर्निंग शिफ्ट, नाइट शिफ्ट

स्थळ अमेरिका. तिथे हॉथॉर्न नावाच्या जंगली झाडाच्या लाल फळांत अंडी घालणारी एक फळमाशी होती, ऱ्हॅगोलेटिस पोमोनेला. युरोपातून आलेल्या लोकांनी सोबत सफरचंद आणलं. १८६० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन नदीच्या खोऱ्यात या माशीच्या काही मंडळींनी चक्क जॉब स्विच केला. हॉथॉर्न सोडून सफरचंद! बेंजामिन वॉल्श या कीटकशास्त्रज्ञानं तेव्हाच लिहून ठेवलं की नव्या झाडावर गेलेले किडे हळूहळू वेगळी प्रजाती होऊ शकतात. हा वॉल्श केंब्रिजमध्ये डार्विनच्याच काळात शिकलेला, नंतर त्याच्याशी पत्रव्यवहार ठेवून असलेला माणूस.

वेगळं का व्हावं? मधे डोंगर नाही, समुद्र नाही. दोन्ही झाडं एकाच रस्त्यावर. पण सफरचंद हॉथॉर्नच्या साधारण तीन आठवडे आधी पिकतं. माशीचं आयुष्य जेमतेम महिनाभराचं. शिवाय या माश्यांचं डेटिंग होतं ते फळावरच. आता विचार करा, एकाच ऑफिसात एक मॉर्निंग शिफ्टला, दुसरी नाइट शिफ्टला, आणि दोघांचं कॅन्टीनही वेगळं. भेटणार कधी, प्रेमात पडणार कधी? सफरचंदवाल्यांना सफरचंदाचा वास आवडतो, हॉथॉर्नवाल्यांना हॉथॉर्नचा. दीडशे वर्षांत दोघांच्या जनुकांत फरक पडला. एका प्रजातीच्या दोन होण्याच्या वाटेवर ही माशी आज नेमकी मधे उभी आहे.

आणि हिच्या मागे कोण? अर्थातच एक परोपजीवी गांधीलमाशी. डायाकास्मा अलोइयम. फळाच्या आतल्या अळीत ती अंडं घालते. अँड्र्यू फोर्ब्ज, जेफ फेडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गांधीलमाश्या तपासल्या. २००९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात त्यांचा निष्कर्ष आला. गांधीलमाशीचेही गट पडलेत! सफरचंदावरच्या माशीमागे लागणारी वेगळी, हॉथॉर्नवरची वेगळी, ब्लूबेरीवरची आणखी वेगळी. जनुकांत फरक, बाहेर पडण्याच्या वेळेत फरक, वासाच्या आवडीत फरक. माशीनं शिफ्ट बदलली म्हणून गांधीलमाशीलाही बदलावी लागली आणि तिचीही लग्नं आपल्याच शिफ्टमध्ये जमू लागली.

२०१५ मध्ये या टीमनं आणखी पुढचं पाऊल टाकलं. एक नाही, या माशीवर जगणाऱ्या तीन वेगवेगळ्या गांधीलमाश्या पाहिल्या. तिन्हींमध्ये तीच कथा. म्हणजे गणित बघा. एका माशीच्या दोन होताहेत, तर तिच्यामागच्या तिघींच्या सहा होण्याची सुरुवात झालेली. वर एक फांदी फुटते, खाली तीन. वैविध्य बेरजेनं नाही, गुणाकारानं वाढतं. हा आहे या सगळ्या स्टोरीचा फंडा.

आफ्रिकेतली चुलत बहीण

आता परत धानाकडे येऊ. आफ्रिकेतही भातावर चंदेरी पोंगे येतात. कित्येक वर्षं सगळ्यांना वाटायचं, ही आपलीच आशियाई गादमाशी. १९८२ मध्ये हॅरिस आणि गॅनये या दोन कीटकशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की नाही, ही स्वतंत्र प्रजाती आहे. तिचं नाव ओर्सिओलिया ओरायझिवोरा. तेच पीक, तसाच पोंगा, माशी मात्र चुलत बहीण.

आणि तिचे परोपजीवी? तेही वेगळे. तिथल्या प्लॅटिगॅस्टरचं नाव प्लॅटिगॅस्टर डिप्लोसिसी. तिच्या जोडीला अप्रोस्टोसेटस प्रोसेरी नावाची दुसरी. म्हणजे गादमाशीचं घराणं जिथे वेगळं झालं, तिथे तिच्यामागे लागलेलं घराणंही वेगळं. एवढंच नाही, तर आपल्याकडे ज्याला कोदो म्हणतात, त्या धान्याच्या झाडावर पश्चिम आफ्रिकेत तिसरीच एक गादमाशी जगते, ओर्सिओलिया बोन्झी. भात एकीचा, कोदो दुसरीचा. वाटण्या झालेल्या, अगदी सख्ख्या भावांच्या शेतीसारख्या.

घराजवळचं उदाहरण हवं तर उंबर बघा. उंबराचं फूल दिसत नाही म्हणतात, कारण ते फळाच्या आत असतं. तिथे आत शिरून परागीभवन करते ती सेराटोसोलेन फ्युसिसेप्स ही इवली गांधीलमाशी. उंबर, वड, पिंपळ या मंडळींत साधारणपणे ज्याची-त्याची माशी ठरलेली. आणि प्रत्येकीच्या मागे फुकटे पाहुणेही ठरलेले. एकट्या उंबरात अशा पाच-सहा जातींच्या माश्या सापडतात. काही फळातच गाठी करून राहतात, काही दुसऱ्यांच्या अळ्यांवर ताव मारतात. त्यातली अ‍ॅपोक्रिप्टा ही बाहेरूनच फळाला ड्रिल करून आत अंडं घालते. बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये तिच्या या सुईची तपासणी झाली, तेव्हा टोकाला जस्त असल्याचं २०१४ मध्ये समोर आलं. झाड बदललं की माशी, माशी बदलली की तिची ड्रिलवाली शत्रू. एका झाडाखाली तीन मजले.

सगळ्यांनाच हे जमतं?

अजिबात नाही. नाहीतर हिशेब फारच सोपा झाला असता. धानाच्याच शेतात ट्रायकोग्रामा नावाचा परोपजीवी कीटक वापरतात, कार्डावर चिकटवून मिळतो तो. खोडकिड्याच्या पतंगाच्या अंड्यांवर त्याचा रोख असतो. पण हे ट्रायकोग्रामावाले घराणं चोखंदळ नाही. अनेक पतंगांची अंडी त्यांना चालतात. पूर्व विदर्भात टसर रेशमाच्या अळ्यांना छळणारी उझी माशीही तशीच, एकाच यजमानाशी एकनिष्ठ वगैरे नाही. अशा सगळीकडे जेवणाऱ्यांना यजमानाच्या दोन शाखा झाल्या तरी फरक पडत नाही. ते दोन्हीकडे जेवतात आणि एकत्रच राहतात.

म्हणजे अट अशी. परोपजीवी एकाच यजमानावर अडून बसलेला हवा, त्याचं वेळापत्रक यजमानाला बांधलेलं हवं आणि त्याचं जोडीदार शोधणंही यजमानाच्या घराशीच होत असायला हवं. या तिन्ही गोष्टी जमल्या की वरची फूट खाली झिरपते.

भुंगेऱ्यांचा नंबर गेला?

जे.बी.एस. हाल्डेन हे मोठे जीवशास्त्रज्ञ. १९५७ मध्ये भारतात आले, इथलेच झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. त्यांच्या नावावर एक किस्सा खपतो. देवाबद्दल काय कळलं असं कुणीतरी विचारलं, तेव्हा ते म्हणाले म्हणे की देवाला भुंगेऱ्यांचं जरा जास्तच प्रेम दिसतं. कारण नावं दिलेल्या प्रजाती मोजल्या तर भुंगेरेच नंबर वन, साडेतीन लाखांहून जास्त.

२०१८ मध्ये फोर्ब्ज आणि सहकाऱ्यांनी हा नंबरच चॅलेंज केला. त्यांचा हिशेब साधा होता. जवळपास प्रत्येक किड्यामागे एखादा तरी परोपजीवी आहे आणि त्यातले कित्येक फक्त त्याच किड्यावर जगतात. मग भुंगेऱ्यांच्या मागे लागलेल्यांची संख्या भुंगेऱ्यांपेक्षा कमी कशी असेल? त्यांच्या अंदाजानं मधमाश्या, मुंग्या आणि गांधीलमाश्यांचा गट भुंगेऱ्यांच्या अडीच ते तीन पटींहूनही मोठा निघतो. फक्त यातल्या बहुतेकींना अजून नाव मिळालेलं नाही, कारण त्या डोळ्याला दिसतच नाहीत.

गोंदियाला काय त्याचं?

खूप काही. गादमाशीचा बंदोबस्त करताना आपण नेहमी दोनच खेळाडू मोजतो, धान आणि माशी. तिसरी खेळाडू फुकटात काम करते, म्हणून तिची नोंद होत नाही. बांधीत कीटकनाशक टाकलं की अळी पोंग्याच्या आत सुरक्षित बसते, उघड्यावर फिरणारी इवली प्लॅटिगॅस्टर मात्र आधी मरते. शत्रू शाबूत, मित्र साफ. धानात गादमाशीवर वर्षानुवर्षं वापरलेलं फोरेट हे जहाल दाणेदार औषध ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद झालं, ते बरंच झालं. पण औषध बदलून भागत नाही, सवय बदलायला लागते.

तामिळनाडू कृषी विद्यापीठाची एक शिफारस या बाबतीत मस्त आहे. परोपजीवी असलेले पोंगे गोळा करायचे आणि रोवणीनंतर दहा दिवसांनी दर दहा चौरस मीटरला एक या हिशेबानं बांधीत ठेवायचे. पोंगा दिसला की उपटून जाळायचा, हे आपलं नेहमीचं लॉजिक. इथे उलट आहे. त्या पोंग्यात कदाचित तुमचीच फौज बसलेली असते.

आणखी एक. धान नसतं तेव्हा, म्हणजे उन्हाळ्यात, गादमाशी जाते कुठे? जंगली धानावर, काही गवतांवर. गोंदिया-भंडाऱ्याच्या तलावकाठी उगवणारं देवधान हे असंच जंगली धान. माशी तिथे दम धरून बसते आणि तिच्या आत तिचा शत्रूही. तलाव बुजला, काठ साफ झाला तर फक्त एक गवत जात नाही. त्या गवतावरची माशी जाते आणि तिच्यावर अवलंबून असलेले सगळे मजले खाली येतात. कारण गुणाकार उलटाही चालतो. एक यजमान गेला की त्याच्यामागचे तीन-चार जीव, ज्यांना कुणी नावसुद्धा दिलेलं नाही, ते गुपचूप जातात. वाघ गेला तर ब्रेकिंग न्यूज होते, यांच्यासाठी दोन ओळींची श्रद्धांजलीही येत नाही.

आणि शास्त्रज्ञ नवा वाण काढतील तेव्हा गादमाशी पुन्हा नवा पासवर्ड शोधेल, हे सात बायोटाईप्सनी पुरेसं सांगितलंय. अशा वेळी जी तिच्या मागोमाग बदलू शकते, लाखो वर्षं हेच करत आलीय, ती एकच. तिला पगार नको, प्रमोशन नको. फक्त आपण तिला मारायचं नाही, एवढंच.

वीकेंडला गोंदियात असाल तर…

◆ कधी जाल : ऑगस्टअखेर ते सप्टेंबर. धान फुटव्यावर असतं, पोंगे याच काळात दिसतात. मुंबईहून थेट विदर्भ एक्स्प्रेस आहे.

◆ पोंगा कसा ओळखाल : हिरव्या पानांत एखादी चंदेरी, कांद्याच्या पातीसारखी पोकळ नळी दिसेल. टोकाशी बारीक भोक आणि त्यातून डोकावणारी पारदर्शक कात दिसली तर समजा, गादमाशी उडून गेली.

◆ आत कोण आहे : शेतकऱ्याला विचारून एखादा पोंगा घ्या, पातळ कापड बांधलेल्या काचेच्या बाटलीत ठेवा आणि थोडे दिवस थांबा. लालसर डास निघाला तर गादमाशी. काळे ठिपके उडायला लागले तर तुमची फौज!

◆ एवढ्या लांब आलाच आहात तर : नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प (२०१३ मध्ये जाहीर झालेला) पावसाळ्यात बंद असतो का, ते आधी विचारून घ्या. तो नसेल तर तलाव आहेतच. नशीब असेल तर सारस क्रौंचाची जोडी धानाच्या बांधीतच दिसेल.